महिला बॉक्सिंग, डेल्फिन पेर्सोन आणि बेल्जियमची रिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडची केटी टेलर विरुद्ध बेल्जियमची डेल्फिन पेर्सोन या २०१९ च्या लढतीचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. निकाल बरोबर होता का, बायकांच्या फेऱ्या छोट्या का, आणि बेल्जियमसारख्या देशात बॉक्सिंग आलं कुठून? त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं नोंदींवर आधारलेली आहेत, काही ठिकाणी माझं मत आहे. मत आहे तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

डेल्फिन पेर्सोन कोण?

बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतातली बॉक्सर. जन्म १९८५ चा, रूसेलारेचा. आधी ज्युदो, मग बॉक्सिंग. २००९ मध्ये ती व्यावसायिक झाली. नोकरी पोलिसात, आणि ड्युटी सांभाळून सराव. प्रशिक्षक फिलीप टाम्पेरे. २० एप्रिल २०१४ रोजी, ईस्टरच्या रविवारी, झ्वेवेझेले नावाच्या लहानशा गावात तिने अर्जेंटिनाच्या एरिका फरियासला हरवलं आणि डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचं लाइटवेट जगज्जेतेपद मिळवलं. लाइटवेट म्हणजे १३५ पौंड, साधारण ६१.२ किलो. पुढची पाच वर्षं तो पट्टा तिच्याच कमरेला होता.

न्यूयॉर्कला जाताना तिच्या नावावर ४३ विजय होते आणि एकच पराभव. तरीही आज तिचं नाव शोधणारे बहुतेक जण तिचा दुसरा पराभव पाहून आलेले असतात. याचं मला वाईट वाटतं, आणि हे सगळं लिहायला घेण्याचं कारणही तेच.

१ जून २०१९ ला नेमकं काय झालं?

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या रात्री मुख्य लढत होती अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ यांची. रुईझने जोशुआला पाडलं, आणि दुसऱ्या दिवशीचे मथळे त्यानेच व्यापले. त्याआधी त्याच रिंगमध्ये टेलर आणि पेर्सोन दहा फेऱ्या खेळून गेल्या होत्या. टेलरकडे डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा तीन संघटनांची विजेतेपदं होती, पेर्सोनकडे डब्ल्यूबीसीचं. जिंकणारीकडे चारही जाणार होती.

आयर्लंडची टेलर म्हणजे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची सुवर्णविजेती, त्याआधी आणि नंतर मिळून सलग पाच वेळा हौशी जगज्जेती. हात वेगवान, पदलालित्य देखणं. सुरुवातीच्या फेऱ्यांत तिने नेमके ठोसे मारून आघाडी घेतली. पेर्सोन मात्र पुढेच येत राहिली. मार खात होती, पण मागे पाऊल घेत नव्हती. लढतीच्या उत्तरार्धात चित्र पालटलं. टेलर दोरांकडे ढकलली जाऊ लागली, चेहरा सुजला, आणि शेवटच्या फेरीत तर ती कशीबशी पायांवर उभी होती असं पाहताना वाटतं.

जजांचे आकडे असे आले: एकाकडे ९५-९५, दोघांकडे ९६-९४ टेलरच्या बाजूने. बहुमताने टेलर विजयी. निकाल ऐकून पेर्सोन रडतच रिंगमधून निघून गेली.

म्हणजे तिच्यावर अन्याय झाला का?

माझ्या मते त्या रात्री पेर्सोन हरली नव्हती. पण जजांनी लबाडी केली असं म्हणायला आधार नाही, आणि तसं मी म्हणत नाही.

आकडेच पाहा. दहा फेऱ्यांत ९६-९४ याचा अर्थ एकीने सहा फेऱ्या जिंकल्या, दुसरीने चार. फेरी जिंकणारीला १०, हरणारीला ९. आता ९६-९४ देणाऱ्या दोघांपैकी एकानेच, फक्त एक फेरी उलट बाजूला दिली असती, तर त्याचा आकडा ९५-९५ झाला असता. मग तिघांपैकी दोघांकडे बरोबरी, म्हणजे लढतच बरोबरीत. चारही विजेतेपदं होती त्यांच्याकडेच राहिली असती. एका माणसाचं दोन मिनिटांच्या एका फेरीबद्दलचं मत, एवढंच अंतर होतं. इतक्या बारीक फरकावर ‘एक श्रेष्ठ, दुसरी कनिष्ठ’ असा निवाडा करणं मला पटत नाही.

जज गुण देतात तरी कशावरून?

चार गोष्टी पाहायच्या असतात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातला ‘परिणामकारक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसतं पुढे येण्याला गुण नाहीत. पुढे येऊन ठोसा लागला पाहिजे. जज रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात, त्यामुळे एकाला दिसलेला ठोसा दुसऱ्याला खेळाडूच्या पाठीमुळे दिसत नाही. प्रत्येक फेरी संपताच आकडा द्यावा लागतो, मागे जाऊन बदलता येत नाही. म्हणूनच दहाव्या फेरीत कुणी प्रतिस्पर्ध्याला अगदी मेटाकुटीला आणलं, तरी ती खाली पडली नाही तर बहुधा तेवढाच एक गुण पदरात पडतो. दुसऱ्या फेरीत अगदी थोडक्यात गमावलेला गुणही तेवढाच. पेर्सोनचं गणित इथे बिघडलं.

महिलांच्या फेऱ्या दोन मिनिटांच्याच का?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पुरुषांची जगज्जेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची, प्रत्येकी तीन मिनिटं. महिलांची सहसा १० फेऱ्यांची, प्रत्येकी दोन मिनिटं. ३६ मिनिटं आणि २० मिनिटं. डब्ल्यूबीसीने आजवर यासाठी वैद्यकीय सुरक्षिततेचं कारण दिलं आहे: मेंदूला होणारी इजा, शरीरातलं पाणी कमी होणं वगैरे. काळजी खरी आहे, बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसतो हे कुणीच नाकारत नाही. पण ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून महिला आणि पुरुष दोघांच्याही लढती तीन फेऱ्यांच्या, प्रत्येकी तीन मिनिटांच्याच झाल्या आहेत.

प्युर्टो रिकोच्या अमांडा सेरानोने हा प्रश्न धसास लावला. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑरलँडोत ती ब्राझीलच्या दानिला रामोसशी १२ फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या, खेळली आणि जिंकली. डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ यांनी त्या लढतीला मान्यता दिली, डब्ल्यूबीसीने नाही. मग डिसेंबरमध्ये सेरानोने डब्ल्यूबीसीचं विजेतेपदच सोडून दिलं. हातातला जगज्जेतेपदाचा पट्टा परत करायला फार मोठी हिंमत लागते.

कौशल्याच्या अंगाने पाहिलं तर दोन मिनिटांत सावज हेरणं, त्याला कोपऱ्यात घेणं आणि काम पुरं करणं कठीण. महिलांच्या लढतीत नॉकआउट कमी, म्हणून ‘त्यांच्या ठोशात दम नाही’ असं म्हणणारे हे विसरतात. प्रतिस्पर्धी डगमगली की घंटा होते, मिनिटभर विश्रांती मिळते, ती सावरते. दमवून दमवून जिंकणाऱ्या पेर्सोनसारख्या खेळाडूचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं. २०१९ ची लढत तीन मिनिटांच्या फेऱ्यांची असती तर निकाल वेगळा लागला असता, असं माझं ठाम मत आहे.

पेर्सोन ‘वेडीवाकडी’ खेळते, तिच्यात तंत्र नाही, हे खरं का?

नाही. हा आक्षेप ऐकून मला खरोखर राग येतो.

तिची शैली पुस्तकी नाही, एवढं मान्य. हनुवटी वर, हुक (बाजूने फिरवून मारलेले ठोसे) लांबून येणारे, शरीर कधी सरळ तर कधी अर्धवट वळलेलं. पण तिचा पाठलाग पाहा. टेलर सरकते त्या बाजूला तिचं पाऊल आधीच पडलेलं असतं. उजव्या हाताचा सरळ ठोसा ती वेगवेगळ्या लयीत मारते, त्यामुळे तो कधी येणार याचा अंदाज लागत नाही. ठोसा चुकला तरी ती थांबत नाही, त्याच झोकात दुसरा निघतो. आणि दम! दहाव्या फेरीत पहिल्या फेरीइतकेच ठोसे मारायचे, तेही अव्वल प्रतिस्पर्ध्यासमोर, हे वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय जमत नाही. जवळ आल्यावर ती ज्या मजबुतीने उभी राहते, त्यात मला ज्युदोची पायाभरणी दिसते.

तंत्र म्हणजे सुबकपणाच, असं आपण फार सहज धरून चालतो. समोरचीला तिच्या आवडीचं बॉक्सिंग खेळू न देणं हेही तंत्रच आहे.

पुनर्लढतीत काय झालं?

२२ ऑगस्ट २०२०, इंग्लंडमधलं ब्रेंटवुड. करोनाचे दिवस, म्हणून आयोजक कंपनीच्या मुख्यालयाच्या बागेत उघड्यावर रिंग उभारली होती, प्रेक्षक नाहीत. टेलर जास्त हालचाल करत, अंतर राखून खेळली आणि तिन्ही जजांनी कौल तिला दिला: ९८-९३, ९६-९४, ९६-९४. या वेळी निकालाबद्दल माझी तक्रार नाही. टेलरने पहिल्या लढतीतून धडा घेतला होता.

पेर्सोन ऑलिंपिकला का गेली नाही?

प्रयत्न केला होता. २०१६ पासून व्यावसायिक बॉक्सरना ऑलिंपिकची दारं उघडली, आणि टोकियोसाठी ती ६० किलो गटातून पात्रतेच्या वाटेवर उतरली, पण पात्र ठरली नाही. दहा फेऱ्यांत हळूहळू चढत जाणाऱ्या खेळाडूला तीन फेऱ्यांचा खेळ तसाही अवघड जातो.

पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बेल्जियमची ओशिन डेरियू महिलांच्या ६६ किलो गटात उतरली.

बेल्जियममध्ये बॉक्सिंगची परंपरा आहे का?

आहे, आणि जुनी आहे. फक्त ती दुसऱ्यांच्या गोष्टींत विखुरलेली सापडते.

ऑलिंपिकपासून सुरुवात करू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लिएजच्या जाँ देलार्जने वेल्टरवेटचं सुवर्णपदक जिंकलं. त्याच स्पर्धेत जोसेफ बीकेनला मिडलवेटचं कांस्य मिळालं. १९४८ ला लंडनमध्ये जोसेफ व्हिसर्स लाइटवेटच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या जेरल्ड ड्रायरकडून हरला, रौप्य घेऊन परतला.

व्यावसायिकांत अँटवर्पचा गुस्ताव रोट. वेल्टर आणि मिडल या दोन्ही गटांत युरोपीय विजेता, आणि १९३६ ते १९३८ या काळात लाइट हेवीवेटचा जगज्जेता. पण कुणाच्या लेखी? युरोपातल्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघाच्या लेखी. अटलांटिकच्या पलीकडे त्याच वर्षांत त्याच गटाचा जगज्जेता म्हणून जॉन हेन्री लुईसचं नाव घेतलं जात होतं. दोघेही जगज्जेते, दोन वेगळ्या जगांचे. आज चार संघटनांचे चार विजेते पाहून लोक वैतागतात, पण हा घोळ तेव्हापासूनचा आहे. नंतर पन्नाशीच्या दशकात जाँ स्नायर्सने फ्लायवेट, बँटमवेट आणि फेदरवेट अशा तीन गटांत युरोपीय विजेतेपद मिळवलं. तीन वजनी गटांत! त्याच्याबद्दल इतकं कमी लिहिलं जावं, याचं आश्चर्य वाटतं.

अलीकडच्या काळात बेल्जियमच्या बॉक्सिंगला स्थलांतरितांनी बळ दिलं. घानात जन्मलेला अँटवर्पचा जॅक्सन ओसेई बोन्सू वेल्टरवेटचा युरोपीय विजेता झाला.

सिरिल देलानुआचं नाव नेहमी का घेतलं जातं?

कारण त्याने मार्सेल सेर्दाँला हरवलं. २३ मे १९४८, ब्रसेल्स, युरोपीय मिडलवेट विजेतेपदासाठी १५ फेऱ्या. फ्रान्सचा लाडका सेर्दाँ त्याआधी कारकिर्दीत फक्त दोनदा हरला होता, दोन्ही वेळा नियमभंगाबद्दल बाद होऊन. ठोशांच्या बळावर त्याला प्रथम नमवलं ते खेरार्ड्सबर्गनच्या या माणसाने, ज्याला गावकरी ‘टारझन’ म्हणत. जुलैत ब्रसेल्समध्येच सेर्दाँने परतफेड केली आणि सप्टेंबरमध्ये टोनी झेलला हरवून तो जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला.

आज देलानुआ हा सेर्दाँच्या चरित्रातला एक परिच्छेद उरला आहे. सेर्दाँ वरच्या पायरीवर गेल्यानंतर युरोपचं पद पुन्हा देलानुआकडे आलं, हे त्या परिच्छेदात बहुतेक वेळा नसतं.

आणि मोहम्मद अलीशी लढलेला बेल्जियन?

जाँ-पियेर कूपमान, ‘फ्लँडर्सचा सिंह’. इंगेलमुन्स्टरचा, दगडावर छिन्नी चालवणारा मूर्तिकार. २० फेब्रुवारी १९७६ रोजी प्युर्टो रिकोतल्या सान हुआन इथे तो अलीसमोर उभा राहिला आणि पाचव्या फेरीत नॉकआउट झाला. अलीच्या सोप्या लढतींची यादी निघाली की कूपमानचं नाव हमखास येतं. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्याने स्पेनच्या होसे मानुएल उर्तायनला हरवून युरोपीय हेवीवेट विजेतेपद मिळवलं. ते मात्र कुणी विचारत नाही. कूपमान अलीच्या गोष्टीत, देलानुआ सेर्दाँच्या, पेर्सोन टेलरच्या. तिघांनाही त्यांच्या स्वतःच्या गोष्टीत वाचायला हवं.

महिला बॉक्सिंगला मान्यता मिळाली तरी कधी?

तुकड्या-तुकड्यांनी, आणि बहुतेक वेळा भांडून.

पन्नाशीच्या दशकात बार्बरा बट्रिक ही जेमतेम चार फूट अकरा इंच उंचीची इंग्लिश मुलगी जत्रांतल्या तंबूंपासून अमेरिकेतल्या रिंगपर्यंत पोहोचली. पुढे तिनेच महिलांची आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटना स्थापली. १६ मार्च १९९६ रोजी टायसन-ब्रुनो लढतीआधी क्रिस्टी मार्टिन आणि डिअर्ड्री गोगार्टी खेळल्या, आणि नाकातून रक्त वाहत असताना जिंकलेल्या मार्टिनला अमेरिकेने डोक्यावर घेतलं. ब्रिटनमध्ये जेन काउचला बॉक्सिंग मंडळाने परवाना नाकारला होता. मासिक पाळीमुळे बायकांचं मन स्थिर राहत नाही, असाही युक्तिवाद तेव्हा झाला. १९९८ मध्ये न्यायाधिकरणाने तो भेदभाव ठरवला आणि तिला परवाना मिळाला. किती अलीकडची गोष्ट आहे ही!

हौशी महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रँटन शहरात झाली. ऑलिंपिकमध्ये प्रवेश २०१२ ला लंडनमध्ये, तोही पुरुषांच्या दहा गटांसमोर फक्त तीन गटांत. २०२४ च्या पॅरिसपर्यंत महिलांचे सहा आणि पुरुषांचे सात झाले. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमने महिला खेळाडूंची पहिली निवड २०२० च्या मानकऱ्यांत केली: क्रिस्टी मार्टिन, नेदरलँड्सची लुसिया रायकर आणि तीच बार्बरा बट्रिक. बट्रिकचं वय तेव्हा नव्वदच्या आसपास होतं.

मोठ्या सभागृहात मुख्य लढत महिलांची कधी झाली?

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ३० एप्रिल २०२२ रोजी, टेलर विरुद्ध सेरानो. टेलर दोन विरुद्ध एक मतांनी जिंकली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला लंडनच्या ओ-टू सभागृहात क्लॅरेसा शील्ड्स आणि सव्हाना मार्शल यांच्या लढतीभोवती फक्त महिलांच्या लढतींची संध्याकाळ रंगली. पेर्सोनसोबतच्या त्या रक्तबंबाळ दहा फेऱ्यांनी ही वाट मोकळी करायला हातभार लावला, असं मी मानतो. टेलरला त्या रात्रीइतकं क्वचितच कुणी अडचणीत आणलं होतं, आणि अशी अडचण पाहायला लोक तिकीट काढतात.

भारतीय वाचकाला यात ओळखीचं काय?

बरंच. लंडनमध्ये तीनच गट होते, ५१, ६० आणि ७५ किलो. म्हणून ४८ किलोच्या आसपास खेळणाऱ्या मेरी कोमला वजन वाढवून ५१ मध्ये उतरावं लागलं. आपल्याहून अंगाने मोठ्या मुलींशी खेळून तिने कांस्य आणलं. जजांच्या कौलाचा प्रश्न तर सरिता देवीमुळे आपल्या घरात येऊन पोहोचला. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ६० किलोच्या उपांत्य फेरीत कोरियाच्या पार्क जी-नाविरुद्धचा निकाल तिला मान्य नव्हता. पदक वितरणाच्या वेळी तिने आपलं कांस्यपदक पार्कच्याच गळ्यात घातलं. त्यासाठी तिला एक वर्षाची बंदी सोसावी लागली. पेर्सोन रडत रिंगबाहेर जाताना पाहिली की मला सरिता आठवते.

२०१९ ची टेलर-पेर्सोन लढत स्वतः पाहून ठरवायचं असेल तर कशी पाहावी?

आवाज बंद करून. समालोचक आणि प्रेक्षक दोघेही आपलं मत बनवतात, आणि त्या रात्री सभागृहात आयरिश पाठीराखे मोठ्या संख्येने होते. कागदावर दहा ओळी आखा. प्रत्येक फेरी संपली की लगेच आकडा लिहा, पुढची पाहून आधीचा बदलू नका. पहिल्या चार फेऱ्यांत टेलरचा वेग भुरळ घालतो, तिथे कुणाचा ठोसा खरंच लागला आणि कुणाचा हातमोज्यावर अडला, एवढंच पाहा. पाचवीपासून पायांकडे लक्ष द्या, कोण कुणाला सरकवतंय ते कळेल. शेवटी बेरीज करा आणि मगच जजांच्या आकड्यांशी ताडून पाहा. वेळ असेल तर आधी पेर्सोनच्या बेल्जियममधल्या जुन्या लढती पाहून घ्या. तिथे ती कुणाची प्रतिस्पर्धी म्हणून दिसत नाही, तर पट्टा राखणारी विजेती म्हणून दिसते.